मुलाखतीत खोटं बोलले, म्हणून शेवटही खोटाच वाटला

शेवटचंपान (धागाकर्ती)

आधीच सांगते, या धाग्यात 'शेरलॉक'चा शेवट उघड होणार आहे आणि प्रतिसादांत आणखी दोन-चार मालिकांचेही होतील. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

२२ जानेवारी २०१७, रविवार. त्या रात्री बीबीसी वनवर 'ॲपल ट्री यार्ड' नावाची नवी मालिका सुरू होणार होती. मला आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना खात्री होती की अशी मालिकाच अस्तित्वात नाही. तो नुसता मुखवटा आहे, वेळ झाली की तो गळून पडेल आणि 'शेरलॉक'चा लपवून ठेवलेला चौथा भाग सुरू होईल.

तो सुरू झाला नाही. 'ॲपल ट्री यार्ड'च सुरू झाली. ती एका कादंबरीवर बेतलेली, एमिली वॉटसनची व्यवस्थित मालिका होती. मी वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसले होते. आता दृश्य बदलेल, मग बदलेल.

आठवडाभर आधी, १५ जानेवारीला, 'द फायनल प्रॉब्लेम' दाखवला गेला होता. चौथ्या पर्वाचा तिसरा आणि शेवटचा भाग. तो आम्हाला पटला नाही. बेकर स्ट्रीटच्या घरात स्फोट होतो, दोघं खिडकीतून बाहेर उडी घेतात आणि पुढच्या दृश्यात एक ओरखडासुद्धा नाही. जॉन विहिरीत, पायाला साखळी, पाणी चढतंय, आणि वरून दोर सोडला जातो. दोराने साखळी कशी तुटणार? आम्ही अशा जागा हेरून ठेवल्या. निष्कर्ष असा काढला की इतकी हुशार माणसं इतक्या ढोबळ चुका करणारच नाहीत. म्हणजे या चुका नाहीत, खुणा आहेत. म्हणजे हा भाग खोटा आहे आणि खरा यायचा आहे.

आज हे लिहिताना वेडेपणा वाटेल, पण त्या वेळी त्यामागे तर्क होता आणि तो तर्क आम्हाला मालिकेच्याच लोकांनी शिकवला होता. २०१२ च्या जानेवारीत शेरलॉकने गच्चीवरून उडी मारली आणि भागाच्या शेवटी तो जिवंत दिसला. कसा वाचला ते दाखवलं नाही. त्यानंतर मालिकेचे लेखक स्टीव्हन मोफॅट मुलाखतींत सांगत होते की एक दुवा सगळ्यांच्या नजरेतून निसटला आहे. आम्ही दोन वर्षं तो दुवा शोधला. १ जानेवारी २०१४ ला उत्तर आलं ते एक नव्हतं, अनेक होती, आणि शेवटचं उत्तरही खरं आहे की नाही याची शंका त्या भागातच पेरलेली होती. गोष्ट जपायची म्हणून आपण बेधडक खोटं बोलतो, हे मोफॅट उघडपणे सांगत आलेले. अशा माणसाने 'चौथा भाग नाही' म्हटलं तर आम्ही काय समजायचं? नकार आला की होकार समजायचा, ही सवय आम्हाला त्यांनीच लावली होती.

मला म्हणायचंय ते एवढंच. मुलाखतीतल्या खोट्याची किंमत त्या एका रहस्यापुरती नसते. पुढे कधीतरी ती माणसं खरं सांगतात आणि तेव्हा कोणी ऐकत नाही. मला 'शेरलॉक'चा शेवट मिळालाच नाही. जो दाखवला तो मी खोटा मानला, आणि ज्याची वाट पाहिली तो कधी बनलाच नव्हता. गेल्या इतक्या वर्षांत मी तो भाग परत पाहिलेला नाही.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? आणि एखाद्या मालिकेचा शेवट ओळखताना तुम्ही कलाकारांच्या मुलाखती धरता की सोडून देता?

---

उलटतपासणी

तुमचं दुःख समजतं, पण आरोप चुकीच्या दारात ठेवलाय असं माझं मत आहे.

शेरलॉकचा शत्रू मोरियार्टी, त्याचंच बघा. २०१२ मध्ये तो गच्चीवर स्वतःला गोळी घालून घेतो. मोफॅट आणि त्यांचे सहलेखक गॅटिस पुढे सांगत राहिले की तो मेलाय. मग २०१४ मध्ये पडद्यावर त्याचा चेहरा आला, 'माझी आठवण आली का' विचारणारा, आणि सगळ्यांनी धरून ठेवलं की बघा, खोटं बोलत होते. २०१६ च्या नववर्षाच्या खास भागात शेरलॉकने स्वतः सांगितलं की तो मेलेलाच आहे. तरी कोणी मानलं नाही. शेवटी २०१७ मध्ये काय निघालं? तो खरंच मेला होता. म्हणजे सगळ्यांत मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अगदी सुरुवातीपासून खरं दिलं होतं. आपण ते घेतलं नाही, कारण आपल्याला तो जिवंत हवा होता.

'लॉस्ट'चं त्याहून वाईट झालं. बेटावरची माणसं विमान पडलं तेव्हाच मेली आणि हे सगळं मरणोत्तर चाललंय, हा तर्क पहिल्या पर्वापासून होता. मालिकेचे लेखक-निर्माते लिंडलॉफ आणि क्यूझ वर्षानुवर्षं सांगत होते की तसं नाही. २३ मे २०१० ला शेवटचा भाग लागला. त्यात एक पात्र दुसऱ्याला जवळजवळ शब्दशः सांगतं की बेटावर जे घडलं ते खरं घडलं. तरीही आज दहा जणांना विचारा, त्यातले काही जण छातीठोकपणे सांगतील की ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते.

मुलाखतीत खरं सांगितलं तरी आपण आपल्याला हवं तेच ऐकतो. मग खोटं बोलण्याला दोष कसा द्यायचा?

---

शेवटचंपान

'लॉस्ट'चं उदाहरण दिलंत म्हणून एक गोष्ट जोडते. त्या भागाच्या श्रेयनामावलीवर किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं होती. माणूस नाही, आवाज नाही, नुसते तुकडे. ती लेखकांनी घातली नव्हती. भाग संपल्यावर एकदम जाहिरात आदळू नये म्हणून वाहिनीने ती लावली होती. लोकांनी त्यातून अर्थ काढला की बघा, कोणीच वाचलं नव्हतं. म्हणजे तिथेही प्रेक्षक हवेतून तर्क करत नव्हता. पडद्यावर जे दाखवलं त्यावरून करत होता.

मोरियार्टीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. ते लिहिताना मी सोयीस्करपणे विसरले होते.

---

कात्री

मी काही वर्षं दैनंदिन मालिकांच्या संकलनात काम केलंय. या चर्चेत एक गृहीतक सतत येतंय की कलाकाराला शेवट माहीत असतो आणि तो लपवतो. रोजच्या मालिकेत बहुतेक वेळा त्याला काहीच माहीत नसतं.

आठवड्यात सहा भाग द्यायचे असतात. भागांची बँक चांगली असेल तर आठ-दहा दिवसांचं काम हातात असतं, नसेल तर सकाळी शूट झालेलं मी दुपारी कापत बसायचे आणि रात्री ते टेलिकास्ट व्हायचं. सीन सेटवर येतात, कधी मेकअप चालू असताना येतात. पुढचा ट्रॅक काय हे वाहिनी आणि लेखक ठरवतात, आणि टीआरपीचे आकडे आले की ठरलेलंही बदलतं.

एका मालिकेत (नाव सांगणार नाही) एका अभिनेत्रीला मुलाखतीत विचारलं, तुमचं पात्र मरणार अशी चर्चा आहे. ती हसून म्हणाली, छे, अजून खूप प्रवास बाकी आहे. मुलाखत छापून आली त्याच दिवशी तिच्या हातात अपघाताचा सीन पडला. ती व्हॅनिटीत जाऊन रडली, आणि बाहेर लोक तिला खोटारडी म्हणत होते. तिच्या पोस्टखाली आलेल्या प्रतिक्रिया मी वाचल्या आहेत. त्यानंतर कुठल्याही कलाकाराच्या मुलाखतीवर मी चटकन मत बनवत नाही.

'सीआयडी'चं २०२५ मध्ये झालं ते आठवून बघा. एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युमनचा स्फोटात मृत्यू दाखवला. वाहिनीने सोशल मीडियावर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, खाली १९९८ ते २०२५ असं लिहिलेलं. त्याच सुमारास शिवाजी साटम यांना विचारलं तर ते म्हणाले की मी सध्या सुट्टीवर आहे, पुढे काय ते निर्मात्यांना ठाऊक, माझा ट्रॅक संपलाय असं मला कोणी सांगितलेलं नाही. लोकांनी त्या वाक्यांचा कीस काढला. कोणी म्हणे परत येणार म्हणून असं बोलताहेत, कोणी म्हणे वाद झालाय. मी वाचलं तेव्हा मला ते सरळ खरं वाटलं. दैनंदिन किंवा साप्ताहिक मालिकेतला जाणता नट नेमकं असंच बोलेल, कारण त्याला तेवढंच माहीत असतं. पुढे प्रद्युमन परतलेच. खोटं बोलली असेल तर ती श्रद्धांजलीची पोस्ट, नट नव्हे.

---

पाऊलखुणा

कात्री, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी जुनी भांडणं आठवतोय. काही ठिकाणी माफी मागायला हवी.

पण कलाकाराला पक्कं माहीत असताना तो खोटं बोलला, असंही घडतं, आणि त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जॉन स्नो. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पाचव्या पर्वाचा शेवट १४ जून २०१५ ला लागला. सहकारीच त्याला भोसकतात, बर्फावर रक्त पसरतं. लगोलग जॉनचं काम करणाऱ्या किट हॅरिंग्टनची मुलाखत आली: मला सांगण्यात आलंय की मी मेलोय, पुढच्या पर्वात मी नाही. एकदम स्वच्छ वाक्य, पळवाट नाही.

आम्ही ते मानलं नाही, पण कशावरून मानलं नाही ते महत्त्वाचं. आम्ही तीन गोष्टी बाजूला काढल्या होत्या. एक म्हणजे गोष्ट. जॉनची आई कोण, हा प्रश्न पहिल्या पर्वापासून उघडा होता आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय हे पात्र संपवणं म्हणजे खांब काढून छत ठेवणं. मूळ कादंबऱ्यांचे लेखक मार्टिन यांनी मालिकेचे हक्क देण्याआधी मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांना हाच प्रश्न विचारला होता, ही गोष्ट तेव्हा आम्हाला पाठ होती. दुसरी, मेलिसांड्रा ही पुजारीण त्याच भागात कॅसल ब्लॅकला, म्हणजे जॉनच्या गढीत, परत येते. पंथ तोच, ज्याच्या पुजाऱ्याने मेलेल्या बेरिकला उठवलेलं आम्ही पाहिलं होतं. तिसरी, हॅरिंग्टनचे केस. तो केस कापत नव्हता. त्या शरद ऋतूत चित्रीकरण चालू असताना तो बेलफास्टमध्ये दिसत होता. आणि नोव्हेंबरमध्ये एचबीओने पोस्टर काढलं ते त्याच्याच रक्ताळलेल्या चेहऱ्याचं.

१ मे २०१६ ला तो डोळे उघडून उठला. हॅरिंग्टनने नंतर जाहीरपणे माफी मागितली. त्याने एका गप्पांच्या कार्यक्रमात सांगितलेला किस्सा मला फार आवडतो. वेगात गाडी चालवताना त्याला पोलिसाने अडवलं आणि म्हणाला, ठाण्यात चल, नाहीतर पुढच्या पर्वात तू जिवंत आहेस का ते सांग. त्याने सांगून टाकलं.

त्या वर्षभरात मी शिकलो ते असं. गोष्टीत काय पेरलंय ते आधी बघायचं, निर्मितीच्या खुणा मग, मुलाखत सर्वांत शेवटी.

---

दुसरीबाजू

कोणीतरी नटाच्या जागी उभं राहून बघा. समोर कॅमेरा, हातात गोपनीयतेचा करार, आणि प्रश्न 'तुमचं पात्र परत येणार का?' त्याच्याकडे उत्तरं किती? 'हो' म्हटलं तर करार मोडला. 'सांगू शकत नाही' म्हटलं तर अर्ध्या तासात बातमी होते की अमुक कलाकाराने मृत्यूचा इन्कार टाळला. मेलेल्या पात्राच्या बाबतीत गप्प बसणं म्हणजेच होकार. मग 'नाही' एवढंच उरतं.

हॅरिंग्टन ते 'नाही' वर्षभर वाहत होता, सहकाऱ्यांजवळसुद्धा. मला त्याचा राग येत नाही. काळजी वाटते.

---

जुनीटेप

हे सगळं नवं नाही हो. मी 'डॅलस'चं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितेय. २१ मार्च १९८० ला अमेरिकेत त्या मालिकेतल्या जे.आर. या मुख्य पात्राला गोळी लागली आणि कोणी मारली ते प्रेक्षकांना २१ नोव्हेंबरला कळलं. आठ महिने. मधे कलाकारांचा संप झाला म्हणून ते इतकं लांबलं. त्या काळात जे.आर.चं काम करणारे लॅरी हॅगमन मानधनासाठी अडून बसले होते, तर अफवा उठली की जे.आर.च्या चेहऱ्यावर पट्ट्या बांधून आत दुसराच नट आणणार. लोक पैजा लावत होते. रहस्य फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी झाडल्याची दृश्यं चित्रित केली गेली. म्हणजे सेटवरच्या माणसाला पाच-सहा खुनी माहीत होते आणि त्यातला खरा कोणता ते नाही. मग मुलाखत घेऊन करणार काय?

पण मला सांगायचंय ते पुढचं. १९८५ मध्ये त्याच मालिकेत जे.आर.चा भाऊ बॉबी मरतो. ते काम करणाऱ्या पॅट्रिक डफीने मालिका सोडली होती. वर्षभराने त्याला परत आणायचं ठरलं, तेव्हा त्याचं न्हाणीघरातलं दृश्य साबणाची जाहिरात म्हणून वेगळं चित्रित केलं. बॉबीच्या बायकोचं काम करणाऱ्या ज्या अभिनेत्रीने दार उघडून त्याला बघायचं होतं तिच्या चित्रीकरणाच्या वेळी आत दुसराच माणूस उभा होता. मे १९८६ मध्ये पर्वाच्या शेवटी ती दार उघडते आणि आत बॉबी. सप्टेंबरमध्ये खुलासा आला की मधलं अख्खं पर्व तिचं स्वप्न होतं.

शेवटचंपान, तुम्ही म्हणालात ते इथे लागू होतं. जे.आर.च्या वेळी लपवलेलं सगळ्यांना आवडलं, कारण लपवलेलं शेवटी बाहेर आलं आणि ते गोष्टीत बसलं. बॉबीच्या वेळी प्रेक्षकांनी वर्षभर ज्या पात्रांसाठी जीव टाकला ते झालंच नाही असं सांगितलं गेलं. ती टेप मी नंतर कधीतरी पाहिली, पण तरी मला त्या वर्षभर बघणाऱ्या बायांचं वाईट वाटलं.

---

पाऊलखुणा

जुनीटेप, हा फरक मी इतकी वर्षं शब्दांत पकडू शकलो नव्हतो.

याच मापाने 'द वॉकिंग डेड'मधला ग्लेन बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो झोंबींच्या गर्दीत पडतो, आतडी बाहेर काढताना दिसतात, कॅमेरा अशा कोनात की ती त्याचीच वाटावीत. पुढच्या भागांत सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्टीव्हन यूनचं नाव काढून टाकलं. महिनाभराने कळलं की तो कचराकुंडीखाली सरकून वाचला. श्रेयनामावलीशी खेळणं मला मुलाखतीतल्या खोट्यापेक्षा जास्त लागलं. मुलाखतीत माणूस बोलतो, त्याची मजबुरी असते. श्रेयनामावली ही मालिकेची स्वतःची नोंद आहे. तिथे कोणी काय काम केलं एवढंच असतं, आणि तेही खरं नसेल तर मग कशाला हात लावायचा?

पुढे पर्वाच्या शेवटी खलनायक नीगन कोणाला मारतो हे लपवलं, आणि तेव्हा मी बघणं सोडलं होतं. ग्लेन खरोखर मेला ती बातमी मी कुठेतरी वाचली. काही वाटलं नाही. वर्षभरापूर्वी त्याच माणसासाठी रात्रभर जागा होतो.

---

उलटतपासणी

माझ्या पहिल्या प्रतिसादातला सूर जरा कडक होता. कात्री आणि जुनीटेप यांच्यानंतर मी तो तसा लिहिला नसता. पण एक मुद्दा सोडणार नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या पर्वाआधी हॅरिंग्टनला एका शब्दात शेवटाचं वर्णन करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, निराशाजनक. मग लगेच सावरून 'भव्य' असं काहीतरी म्हणाला. सगळे हसले. त्याची सहकलाकार एमिलिया क्लार्कने सर्वोत्तम पर्व आहे असं सांगितलं, पण तिचा आवाज आणि चेहरा वेगळंच काही सांगत होते. तेही गंमत म्हणून घेतलं गेलं. १९ मे २०१९ ला शेवटचा भाग लागल्यानंतर लोकांनी ते व्हिडिओ परत काढले आणि म्हणाले, अरे, हे तर सांगत होते.

त्यांच्या मनात खरंच काय होतं ते मी ठरवणार नाही. पण बघा, २०१५ मध्ये तोच नट गंभीर चेहऱ्याने बोलला ते खोटं निघालं, आणि २०१९ मध्ये हसत बोलला ते लोकांना खरं वाटलं. मुलाखतीतून सत्य काढायचं कुठलंही यंत्र आपल्याकडे नाही. म्हणूनच पाऊलखुणा म्हणतात तो क्रम बरोबर आहे. आणि शेरलॉकच्या बाबतीत तुमचा तर्क तिथेच कोसळला असं मला वाटतं. विहिरीतली साखळी ही गोष्टीतली खूण नव्हती, ती पटकथेतली चूक होती. जॉन स्नोच्या वेळी गोष्ट एका उत्तराची मागणी करत होती. 'द फायनल प्रॉब्लेम'नंतर गोष्टीत मागणीच उरली नव्हती. ती संपली होती. मागणी आपली होती.

---

शेवटचंपान

हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे.

काल रात्री 'द फायनल प्रॉब्लेम' लावला. २०१७ नंतर पहिल्यांदा. या वेळी ठरवलं होतं की हाच शेवट आहे असं धरून बघायचं, वही न घेता.

साखळी अजूनही खटकते. स्फोटही. पण एक जागा मी पूर्ण विसरले होते. हेलिकॉप्टर बेटावर उतरतं, गाणं लागतं, आणि आतून मोरियार्टी बाहेर येतो. अँड्र्यू स्कॉटची ती चाल. मला अगदी आठवलं की २०१७ मध्ये या क्षणी मी उभी राहिले होते, आनंदाने. सगळे खोटं बोलत होते आणि आपण बरोबर होतो, असं ते काही सेकंद वाटलं होतं.

आणि मग पडद्यावर अक्षरं येतात, पाच वर्षांपूर्वी.

त्या रात्री माझा सगळ्यात जास्त राग याच अक्षरांवर होता. काल मी तिथे थांबवलं, मागे घेतलं आणि परत पाहिलं. तीनदा. मग पुढे पाहिला, शेवटपर्यंत. दोघं धावत बाहेर येतात आणि चित्र थांबतं, तिथपर्यंत.